नेसायची की द्यायची

गोपाळकृष्ण मेहेंदळ्यांना धायरीत 'दातवाले मेहेंदळे' म्हणत. त्यामुळे बाहेरगावचा माणूस त्यांचा पत्ता विचारत आला, की त्याला हमखास कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे पाठवलं जाई. यात धायरीची काही चूक नव्हती. मेहेंदळे दातच करत, फक्त ते गाळ काढणाऱ्या यंत्रांचे. बंदरात आणि खाडीत तळाचा गाळ उकरून नळीवाटे बाहेर फेकणारी अवाढव्य परदेशी यंत्रं असतात. त्यांच्या तोंडाशी एक गोल कटर फिरत असतो, त्याला दात असतात, आणि वाळू-दगड खाऊन ते महिना-दोन महिन्यांत झिजतात. त्यांच्या जागी बसवायचे दात मेहेंदळ्यांच्या शेडमध्ये तयार होत आणि मूळ दातांच्या दीडपट टिकत. ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत. ती समोरच्याला आधीच माहीत असायला हवी, असं त्यांचं मत होतं.

तीस वर्षं हे असंच चाललं. "जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्या केल्यात," असं त्यांच्या पत्नी आनंदीबाई दर वर्षी एकदा तरी म्हणत, आणि मेहेंदळे वर्तमानपत्राचं पान उलटत. पण बोलणं लागत होतं. नाहीतर ते राहत त्या शनिवार पेठेतले त्यांच्या वयाचे सगळे लोक सकाळी बाकावर बसून देश चालवत असताना, चौसष्टाव्या वर्षी स्वतःचं आख्खं यंत्र बांधायची अवदसा त्यांना आठवली नसती.

यंत्र लहान होतं. मोठं परदेशी यंत्र शहरातल्या तळ्यापर्यंत पोचतच नाही, गल्लीच्या तोंडाशीच अडकतं. मेहेंदळ्यांचं यंत्र सुटं करून दोन ट्रकमध्ये बसे आणि काठावर एका दिवसात जोडता येई. लोखंडी तराफ्यावर पंप, पुढे पाण्यात उतरणारा लांब हात, हाताच्या टोकाला कटर, आणि मागे काठापर्यंत तरंगत गेलेली नळी. नकाशे अवनी काळे या पोरीने केले होते. सत्तावीस वर्षांची, मराठीच्या एका वाक्यात चार इंग्रजी शब्द घालणारी, पण गणितात एकही चूक न करणारी. वेल्डिंग सगळं दीपमाला खंडारे यांचं. वाशीमकडून नवऱ्याबरोबर पुण्याला आलेल्या दीपमालाबाई चौदा वर्षांपूर्वी शेडमध्ये झाडू मारायला लागल्या होत्या. आता त्यांनी घातलेली शिवण पाहून बाहेरचे वेल्डर गप्प बसत. यंत्राला नाव द्यावं असं अवनी म्हणाली. मेहेंदळे म्हणाले, "आधी चालू दे, मग बारसं करू."

ते पहिल्यांदा चाललं एकोणीस मिनिटं.

जागा होती धायरीच्या पलीकडे टेकडीखालचं देवीचं तळं. काठावर छोटं देऊळ, देवळासमोर चंद्रभागाबाईंचं ओटीचं दुकान, आणि पाण्याखाली कित्येक वर्षांचा गाळ. यंत्र विकत घ्यायला महापालिकेची अट साधी होती: ते एक तास न थांबता चाललं पाहिजे. एकोणिसाव्या मिनिटाला पंपाचा आवाज जड झाला, विजेच्या मीटरचा काटा उजवीकडे गेला आणि कटर थांबला. हात वर उचलला तेव्हा कटरचे दात दिसतच नव्हते. त्यांच्याभोवती साड्यांचा भला मोठा गुंडा झाला होता. लाल, पोपटी, केशरी, जरीच्या काठांसकट घट्ट पीळ बसलेला.

महापालिकेचे कार्यकारी अभियंता रंगनाथ सोनटक्के हे सभ्य गृहस्थ होते, आणि सभ्य माणसाचं बोलणं जास्त झोंबतं. "मेहेंदळेसाहेब, पंधरा दिवसांनी पुन्हा या," ते म्हणाले. "त्यानंतर मात्र मला परदेशी यंत्राच्या फाइलवर सही करावी लागेल." मग मेहेंदळ्यांना बरं वाटावं म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "दात अर्थात तुमच्याकडूनच घेऊ."

तिघं टेम्पोतून परत निघाले. मेहेंदळ्यांच्या डोक्यात ते शेवटचं वाक्य फिरत राहिलं. पंधरा दिवसांनी हे यंत्र चाललं नाही तर आयुष्याच्या शेवटी नावापुढे 'दातवाले' एवढंच उरणार होतं, आणि त्यांना ते मुळीच मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कटर लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, चढवला आणि तिघं त्याच्याभोवती उभे राहिले.

"चाचणीत हे कसं नाही कळलं?" मेहेंदळे म्हणाले. त्यांचा राग कुणावर होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कारण चाचणी त्यांनीच घेतली होती. शेडमागच्या हौदात तळ्यातला खराखुरा गाळ आणून भरला होता. शहरातल्या पाण्यात साड्या सापडतात हे काही त्यांना नवीन नव्हतं, म्हणून फळ्यावर सूचनाही लिहिली होती: 'प्रत्येकाने घरून दोन जुन्या साड्या आणाव्यात. आठवणी घरी ठेवून याव्यात.' साड्या आल्या. आनंदीबाईंनी धुऊन मऊ झालेली सुती पातळं दिली, अवनीच्या आईने दिली, दीपमालाबाईंनी दिली. कटरने त्या एका दमात फाडून पंपाकडे पाठवल्या. पापड मोडावा तितकं सोपं गेलं होतं ते. मेहेंदळ्यांनी त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना भेळ मागवली होती.

"सर, मी सिम्युलेशनमध्येही कॉटनच घेतलं होतं," अवनी म्हणाली. "म्हणजे आपली टेस्ट बरोबर होती, फक्त..."

"फक्त तळ्याला ती पाठवायची राहिली," मेहेंदळे म्हणाले.

दीपमालाबाई कटरपाशी उकिडव्या बसून गुंड्यातून एकेक साडी सोडवत होत्या. त्यांनी एक पोपटी साडी ओढून काढली, पदराकडून काठापर्यंत बोटांनी चाचपली आणि मान हलवली.

"साहेब, हे साडी कोणी नेसेल नाही."

"म्हणजे?"

"पहा ना. फॉल नाही लावेल. पिको नाही. घडीसुद्धा मोडेल नाही अजून." त्यांनी चिखलातून घडीची खूण दाखवली. "ह्या समद्याच तशा हायेत. नव्या कोऱ्या."

मेहेंदळ्यांना अजून काही उमगलं नव्हतं. साडी म्हणजे साडी. त्यांचा साड्यांशी संबंध दुकानाबाहेरच्या खुर्चीवर पिशव्या सांभाळत बसण्यापुरता होता, आणि तोही गेली बरीच वर्षं आला नव्हता.

"दुकानात इचारतात ना साहेब," दीपमालाबाई म्हणाल्या, "नेसायची का द्यायची?"

"काय विचारतात?"

अवनीने कपाळाला हात लावला. "सर! ओ माय गॉड. द्यायच्या साड्या!"

मग दोघींनी मिळून त्या गृहस्थाला शिकवलं. शिक्षण दहा मिनिटांत झालं. पुण्यात बाई साडीच्या दुकानात शिरली की गादीवरचा माणूस पहिला प्रश्न हा विचारतो. नेसायची असेल तर एक कपाट उघडतं, द्यायची असेल तर दुसरं. द्यायची साडी म्हणजे मानपानाची, ओटीची, कुणीतरी आलं-गेलं तर हातात ठेवायची. दिसायला चकचकीत, धागा सगळा कृत्रिम, आणि नेसायला कुणालाच नको. ती या घरातून त्या घरात जाते, तिथून तिसऱ्या घरात. कधीकधी फिरून मूळच्या घरी येते. तिची घडी कधी मोडत नाही. आणि देवीला बाया हीच साडी नेसवतात, हीच पाण्यात सोडतात, कारण देवीला जुनेर कसं द्यायचं?

"आन् तो धागा फाटत नाही साहेब," दीपमालाबाई म्हणाल्या. "सुती जुनेर हातानं फाटते. हे साडी ओढून पहा तुमी."

मेहेंदळ्यांनी ओढून पाहिली. साडी ताणली गेली, बोटं कापली, पण धागा तुटला नाही.

"तुम्हाला या साड्यांची एवढी माहिती कशी?" त्यांनी बोटाला फुंकर घालत विचारलं. उगाच विचारलं.

"तुमी दिवाळीले देता ना, तेच राहते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. कुणी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, इतकंच. पण मेहेंदळे पक्के पुणेरी. टोमण्याला उलट टोमणा त्यांच्या जिभेवर तयार असे. पण हे वाक्य साधं होतं. दर दिवाळीला आनंदीबाई लक्ष्मी रोडवरून गठ्ठा आणत आणि मेहेंदळे तो शेडमध्ये वाटत. चौदा वर्षं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की ते पाना उचलत. त्यांनी पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमालाबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतल्या चार साड्या टेबलावर ठेवल्या. चार दिवाळ्यांच्या. बाकीच्या गावी नणंदांना गेल्या होत्या. "चाचणीले," त्या म्हणाल्या.

आणखी हव्या होत्या. संध्याकाळी मेहेंदळ्यांनी घरी चहा घेताना आनंदीबाईंना विचारलं, "आपल्याकडे द्यायच्या साड्या किती आहेत?"

आनंदीबाईंनी कप खाली ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न आला नव्हता. "कुणाला द्यायच्यात?"

"यंत्राला."

त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला आणि एकेक बाहेर काढत गेल्या. सतरा निघाल्या. त्यातल्या एका पिशवीत चिठ्ठी होती, 'सौ. आनंदीस, डोहाळजेवणाप्रीत्यर्थ', आणि ज्याच्या वेळचं ते डोहाळजेवण, त्या मुलाचं आता लग्न झालं होतं. दुसरी पिशवी बघून तर त्या थबकल्याच. "ही मी आपल्या भाचीच्या, सुरुचीच्या सासूला दिली होती," त्या म्हणाल्या. "परत कशी आली?" मग बराच वेळ त्या साडीच्या प्रवासाचा छडा लावण्यात गेला. शेवटी सतराच्या सतरा देताना त्या म्हणाल्या, "घेऊन जा बाई एकदाच्या. सुटले मी."

हौदात नव्या कोऱ्या साड्या सोडल्या आणि कटर चालू केला. आठव्या मिनिटाला तो अडकला, तसाच गुंडा होऊन. चाचणी फसली याचा मेहेंदळ्यांना जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. जे तळ्याच्या पोटात बिघडत होतं ते आता हौदात, डोळ्यांसमोर बिघडत होतं. पकडता येणार होतं.

पण पुढचे तीन दिवस नुसतीच झटापट झाली. दात अधिक धारदार केले. साडी दाताबरोबर फिरून आसाला गुंडाळली गेली. दातांची दिशा बदलली. ती उलट्या बाजूने गुंडाळली गेली. अवनीने वेग वाढवून पाहिला तर गुंडा लवकर झाला, एवढाच फरक. प्रत्येक वेळी कटर वर काढायचा आणि दीपमालाबाईंनी तो मोकळा करायचा.

चौथ्या दिवशी मेहेंदळे चहाचा कप घेऊन त्यांचं काम बघत उभे होते. म्हणजे बघत नव्हते, चरफडत होते. दीपमालाबाईंनी हॅकसॉचं एक तुटकं पातं घेतलं, गुंड्यावर टेकवून घट्ट धरलं आणि अवनीला म्हणाल्या, "तू फिरव." अवनीने हाताने कटर फिरवायला सुरुवात केली. पातं जागचं हललं नाही. साड्या फिरत आल्या, पात्यावर आल्या आणि खर्र करत कापल्या गेल्या. एका फेऱ्यात गुंडा मोकळा झाला.

"थांबा," मेहेंदळे म्हणाले.

दोघी थांबल्या.

"पुन्हा करा. असंच. तुम्ही पातं धरा, हलवू नका."

त्यांनी पुन्हा केलं. मेहेंदळ्यांचा चहा गार झाला आणि त्यावर साय आली तरी ते बघत होते. तीस वर्षं त्यांनी दात फिरवले होते. जगातले सगळे कटर दात फिरवत होते, कारण ते वाळू उकरायला केलेले होते. कापड दाताबरोबर पळत होतं, मग ते कापलं कसं जाणार?

"ह्यात काही विशेष नाही साहेब," दीपमालाबाई जरा संकोचून म्हणाल्या. "विळीवानी हाये. विळीत पातं उभं राहते, भाजी चालते. सुरीनं ओली पालेभाजी कापाले गेलं तर ते सुरीसंगंच फिरते."

मेहेंदळ्यांनी कप खाली ठेवला. "अवनी, कागद घे."

त्या दिवशी जो नकाशा झाला तो अवनीने पुढे सात वेळा बदलला, पण मूळ कल्पना तीच राहिली. कटर पूर्वीसारखाच फिरेल. त्याच्या तोंडाशी, हाताला बोल्टने बसवलेलं एक जाड वाकडं पातं स्थिर उभं राहील. दात बसवलेली कटरची प्रत्येक फिरती फळी त्या पात्याजवळून अर्ध्या मिलिमीटरवरून जाईल, आणि मधे आलेलं कापड कात्रीत सापडावं तसं तुटेल. मग प्रश्न आला दगडाचा. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत खडा अडकला तर पातं मोडणार. त्यावर मेहेंदळ्यांनी पात्यामागे जाड पत्र्याच्या चकत्यांच्या स्प्रिंगा बसवल्या. कापड आलं तर पातं तसूभर हलणार नाही, दगड आला तर मागे सरेल, त्याला वाट देईल आणि लगेच जागेवर येईल. "माणसांनाही बसवायला हव्यात," ते पुटपुटले, पण कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

पात्याच्या धारेवर कडक धातूचा थर चढवायचं काम दीपमालाबाईंचं. पहिल्या पात्याला गार होताना बारीक तडे गेले. दुसऱ्यालाही गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी पातं आधी भट्टीत तापवलं, थर चढवला आणि लगेच चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवलं. "हळूहळू गार होऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कुणालाही, मालकालासुद्धा, त्या पेटीला हात लावू दिला नाही. मेहेंदळे दोनदा पेटीच्या आसपास घुटमळले. दोन्ही वेळा "साहेब" एवढा एकच शब्द कानावर आला आणि ते माघारी फिरले. सकाळी पातं बाहेर काढलं. एकही तडा नव्हता.

उरलेल्या सगळ्या साड्या हौदात गेल्या. सुरुचीच्या सासूकडून परत आलेलीही गेली. कटर थांबला नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता यंत्र पुन्हा देवीच्या तळ्यावर तरंगत होतं. सोनटक्केसाहेब गाडीतून उतरले ते हातात तबक घेऊन.

"मागच्या वेळी आपण पूजा न करता सुरू केलं," ते जरा ओशाळून म्हणाले. "म्हणून अडलं, असं ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं. तेव्हा आज ओटी भरून सुरू करू."

तबकात नारळ होता, तांदूळ होते, खण होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक साडी होती. पोपटी, गुलाबी काठाची. मेहेंदळे, अवनी आणि दीपमालाबाई तिघंही त्या साडीकडे बघत राहिले. दीपमालाबाईंनी पुढे होऊन काठाला दोन बोटं लावली.

"द्यायची," त्या हळूच म्हणाल्या.

मेहेंदळ्यांनी पाण्यातल्या कटरकडे पाहिलं. मग त्यांच्यातला पुणेकर जागा झाला. "साहेब," ते म्हणाले, "कटरच्या बरोबर पुढ्यात सोडा. इकडे, या बाजूला."

"अहो, पण मग ती कटरमध्ये जाईल."

"त्याकरताच."

सोनटक्के घुटमळले. यंत्राची काळजी नव्हती, देवीची होती. ओटीच्या साडीचे तुकडे व्हायचे म्हणजे काय? त्यांनी देवळाकडे पाहिलं. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"सोडा की सायेब," त्या म्हणाल्या. "पान्यात सोडली म्हंजी तिला पोचली. म्होरं काय करायचं ते तिचं ती बगल. आन् तळं साफ व्हतंय, तर तिला काय वंगाळ वाटतंय व्हय?"

सोनटक्क्यांनी देवळाकडे बघून हात जोडले. मग नारळ आणि साडी पाण्यात सोडली. ती क्षणभर फुगून तरंगली, भिजली आणि खाली गेली. नारळ मात्र बुडायला तयार नव्हता. तो हेलकावे खात चंद्रभागाबाईंच्या दुकानाच्या दिशेने निघाला. त्याला वाट माहीत असावी.

मेहेंदळ्यांनी बटण दाबलं.

दहा मिनिटं गेली. काठावरच्या नळीतून काळा गाळ धो धो पडू लागला. नळीच्या तोंडाशी लोखंडी जाळी लावली होती आणि जाळीपाशी दीपमालाबाई गमबूट घालून उभ्या होत्या. अवनी तराफ्यावर मीटरसमोर. मेहेंदळे कुठेच बघत नव्हते, ते ऐकत होते. एकोणिसावं मिनिट आलं तेव्हा सोनटक्क्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे सगळ्यांनी पाहिलं.

विसावं मिनिट. एकविसावं.

तेविसाव्या मिनिटाला आवाज बदलला. पंपाची घरघर जड झाली, तराफा थरथरला, काटा उजवीकडे सरकला. हा तोच आवाज होता. पंधरा दिवस मेहेंदळ्यांच्या कानातून तो गेला नव्हता. अवनीचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," मेहेंदळे म्हणाले.

"सर, लोड खूप—"

"राहू दे, अवनी. दगड आहे. त्याला जाऊ दे."

पाण्याखालून ठक्क असा एक घणाचा आवाज आला. स्प्रिंग मागे सरली, पुन्हा बसली. काटा डावीकडे आला आणि पंप आपल्या मूळच्या सुरात बोलू लागला. अवनीने बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

"साहेब!" काठावरून दीपमालाबाईंनी हात वर केला. त्यांच्या हातात चार बोटं रुंदीचा एक तुकडा होता, कडेला गुलाबी काठ. जाळीवर तसेच आणखी तुकडे येऊन पडत होते. पोपटी, मग लाल, मग केशरी, मग चिखलाने रंग गेलेले, कितीतरी वर्षांपूर्वी कुणीकुणी सोडलेल्या साड्यांचे. सगळे चार बोटांचे. विळीवर चिरावेत तसे.

तास भरला. सोनटक्क्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आणखी दहा मिनिटं चालवाल? सहज." ती दहा मिनिटं त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी मागितली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मेहेंदळ्यांनी वीस चालवलं.

यंत्र बंद झालं, कटर पाण्यावर आला. एकही धागा गुंडाळलेला नव्हता. सोनटक्के वाकून त्या स्थिर पात्याकडे बघत राहिले. "हे परदेशी यंत्रात नाही," ते म्हणाले.

"त्यांच्याकडे साड्या नाहीत," मेहेंदळे म्हणाले.

"काय म्हणता तुम्ही याला?"

"फिक्स्ड शिअर ब्लेड," अवनी म्हणाली.

"विळी," मेहेंदळे म्हणाले. "फाइलमध्येही तेच लिहा."

"फाइल इंग्रजीत आहे हो."

"मग इंग्रजीत विळी लिहा."

सोनटक्के हसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "आणि रचना कुणाची म्हणून लिहू? तुमचीच ना?"

मेहेंदळ्यांनी काठाकडे पाहिलं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते तीस वर्षं थांबले होते. उत्तरही त्यांच्याकडे तीस वर्षं तयार होतं. पण काठावर दीपमालाबाई जाळीतले तुकडे एका टोपलीत भरत होत्या, आणि त्यांच्याकडे बघताना मेहेंदळ्यांना असा अभिमान वाटला की त्या तयार उत्तराची गरजच उरली नाही.

"लिहा," ते म्हणाले. "नकाशा अवनी काळे. विळी दीपमाला खंडारे. खंडारे, ख ला अनुस्वार, नीट लिहा. स्प्रिंगा माझ्या."

"आणि बाकीचं?"

"साड्या आनंदी मेहेंदळ्यांच्या."

दीपमालाबाईंनी टोपली खाली ठेवली. डोळे पुसावेत तर हात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहेंदळे आनंदीबाईंना म्हणाले, "चला, लक्ष्मी रोडला जाऊ." आनंदीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. दुकानाच्या दारातली पुरुषांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. मेहेंदळे तिला ओलांडून आत गेले आणि सरळ गादीसमोर मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले.

गादीवरच्या माणसाने या नवख्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "काय दाखवू काका? नेसायची की द्यायची?"

आनंदीबाई काही बोलायच्या आत मेहेंदळे म्हणाले, "द्यायची आहे. पण नेसायचीतली काढा."

माणूस वरच्या कपाटाकडे वळला.

"आणि फॉल-पिको आत्ताच करून द्या," मेहेंदळे म्हणाले. "आम्ही थांबतो."